उकाराएवढी जागा

मंजुळाबाई नाखवांचं नाक खाडीला बांधलेलं आहे, असं कोपरीच्या शाळेतली पोरं शपथेवर सांगत. दोरी तेवढी दिसत नसे. बाई नववीला मोसमी वारे शिकवत असायच्या, मध्येच खडू थांबवायच्या, खिडकीकडे तोंड करायच्या आणि म्हणायच्या, "भरती लागली." पोरं मधल्या सुट्टीत पुलावर पळत जाऊन बघून यायची. लागलेली असायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी खिशातून पंचांग काढून बाईंचं म्हणणं ताडून पाहिलं. पंचांग सहा मिनिटं चुकलेलं निघालं. साहेबांनी बाईंच्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा मारला आणि पंचांग रद्दीत घातलं.

पण हेच नाक संध्याकाळी डोंबिवलीला घरी गेलं की उपाशी राहायचं. तिसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीत तुळस, आणि चारी बाजूंनी साजूक तुपाची माणसं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मंजुळेने मूठभर सुका जवळा तव्यावर टाकला होता. पाच मिनिटांत चार इमारतींमधल्या मांजरांनी जिन्यात सभा भरवली. एक बोका तर सावरकर रोडवरून रिक्षाने आला, असं वॉचमनचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, 'उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांचा विचार करावा.' हरिहर, म्हणजे तिचा नवरा, भला माणूस. तो म्हणाला, "करत जा गं तू, बघून घेऊ." पण तिने पुन्हा केला नाही. माहेरचा जवळा एका बरणीत घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. कधीमधी दुपारी एकटी असली की झाकण उघडायची, एक श्वास घ्यायची आणि झाकण लावायची. एक बरणी तिला चार वर्षं पुरली. वास घेऊन घेऊन जवळ्याचं वजन निम्मं झालं होतं.

माहेर म्हणजे मोरूपाडा. कोलशेतच्या अलीकडे, खाडी जिथे कोपर मोडते त्या कोपरात. सव्वीस घरं, अकरा होड्या आणि एक खळा. खळा म्हणजे मासळी सुकवायचं अंगण, शेणाने सारवलेलं, सगळ्या पाड्याचं मिळून एकच. त्यावर जवळा पसरला की उन्हात गुलाबी रंगाचं शेत उगवल्यासारखं दिसायचं.

पाड्यात मात्र त्याला कुणी खळा म्हणत नव्हतं. मोरूपाड्याच्या जिभेवर ळ नव्हताच. जवळा हा जवला, पळणं हे पलणं, आणि खळा हा खला. मंजुळेलाही सतरा वर्षं ळ आला नव्हता. डी.एड.ला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून 'कमळ, बाभळ, ओंजळ' म्हणायला लावलं आणि वर्ग हसला. मग ती रोज ओहोटीला चिखलात उभी राहून खाडीला ऐकू जाईल असं 'कमळ, बाभळ, ओंजळ' म्हणत असे. तिच्या या ओरडण्याने बिचकून बोय माशांचे थवेच्या थवे पलीकडच्या काठाला गेले आणि त्या वर्षी भिवंडीकडच्या गावांची चंगळ झाली, हे तिचा बाप दाजी तांडेल मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिला. ळ आला. ण आला. आणि एकदा आल्यावर ते दोघे जावयासारखे घरात ठाण मांडून बसले. मंजुळेला आईशी बोलतानासुद्धा जुना ल सापडेना.

तर एक्क्याण्णव साल होतं. शहराचा नवा आराखडा लोकांसमोर ठेवला होता. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे होणार, शाळा कुठे, रस्ता कुणाच्या परसातून जाणार, सगळं नकाशावर रंगवून झालेलं. कुणाची हरकत असेल तर साठ दिवसांत लेखी कळवा, अशी नोटीस पेपरात आली होती. टाइप इतका बारीक की मुंगीने चष्मा लावून वाचावा.

नववीला धडा होता 'मानवी वस्ती'. मंजुळाबाईंनी पुस्तक मिटलं. "यातलं गाव कुणाचं आहे? कुणाचंच नाही. म्हणून तुम्हाला ते पाठ होत नाही," असं म्हणून त्यांनी आराखड्याच्या झेरॉक्स प्रती सेलोटेपने जोडून वर्गात पसरल्या. नकाशा एवढा झाला की पहिल्या बाकावर मुंब्रा आणि शेवटच्या बाकावर घोडबंदर. मधली पोरं बाक सोडून भिंतीला टेकली.

"आधी आपापलं घर शोधा," बाई म्हणाल्या. "मग घरापासून पाणी किती पावलांवर, संडास किती पावलांवर, खेळायला जागा किती पावलांवर, ते लिहा. मग हा रंग आणि तुमचं पाऊल जुळतंय का ते बघा."

थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, "बाई, आमची चाळ इथे नाहीये. इथे उद्यान आहे."

"मग?"

"आमच्या मोरीत झाड लावणार का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आराखडा देव काढत नाही, माणसं काढतात. ती कुणाला तरी विचारूनच काढतात. कुणाला विचारलं आणि त्याने काय सांगितलं, ते आधी शोधायचं. ते चुकलं असेल तर हरकत लिहायची. हरकत म्हणजे भांडण नाही. मीही इथे राहतो, एवढं सहीनिशी सांगणं."

मालन मागच्या बाकावर होती. खोपटच्या एसटी डेपोमागे एका खोलीत राहणारी, साताऱ्याकडची, धोंडीबा ट्रक ड्रायव्हरची मुलगी. तिचं बोट घोडबंदरच्या बाजूला हिंडत होतं.

"बाई, हे बघा ना. ट्रक टर्मिनस. एकदम खाडीला लागून, केवढी मोठी जागा आहे."

"तुला काय त्याचं?" शेजारची म्हणाली.

"अगं, काय म्हणजे? पप्पांची गाडी रस्त्यावर असते. चाक कोणी काढू नये म्हणून पप्पा गाडीखाली झोपतात. आई म्हणते, लग्न गाडीशीच करायचं होतंस." मग बाईंकडे वळून, "बाई, मी हरकत नाही घेणार. मला शाबासकी द्यायचीय. त्याचा फॉर्म असतो का?"

मंजुळाबाई हसत तिच्या बाकापाशी गेल्या आणि वाकल्या. खाडीने कोपर मोडलेलं होतं. त्या कोपरात जांभळा पट्टा होता, त्यावर आरक्षणाचा नंबर. बाजूला सव्वीस घरांचा करड्या रंगाचा ठिपका. आणि जांभळ्या पट्ट्याच्या जागी, जिथे सगळ्या पाड्याचा जवळा सुकतो तिथे, खालच्या जुन्या अक्षरात पुसटसं लिहिलेलं होतं, 'खुली जागा'.

बाईंच्या नाकाने त्या दिवशी भरती सांगितली नाही. भरती आली नि गेली.

शनिवारी त्या पाच पोरांना घेऊन आराखड्याच्या ऑफिसात गेल्या. तिथे सखाराम नावाचा शिपाई होता. त्याला कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते वासावरून कळत असे, आणि एका कपाटाला वाळवी लागली तेव्हा त्याने वाळवीकडूनच यादी करून घेतली होती, अशी त्याची ख्याती. शाळेची पोरं बघून तो खूश झाला. "जुन्या पाहणीची वही पाहिजे? चौऱ्याऐंशीची? बसा."

वही आली. मालनने पान उलटायला हात पुढे केला तेवढ्यात बाईंनी वही स्वतःकडे ओढली. मोरूपाडा. सर्व्हे नंबर. 'सध्याचा वापर : खुली जागा.' आणि त्यासमोर, 'माहिती देणार : कु. मंजुळा दाजी तांडेल, शिक्षिका.' खाली सही. तांडेलमधल्या ड ला तेव्हा तिला जरा जास्त शेपूट काढायची सवय होती. ते शेपूट बघून तिला स्वतःच्याच लग्नाआधीच्या वेणीची आठवण झाली.

"काय लिहिलंय, बाई?"

"अक्षर लागत नाही," बाई म्हणाल्या आणि वही मिटली. भूगोलाच्या बाईंना अक्षर लागत नाही हे मालनला नवलच वाटलं.

अक्षर लख्ख लागत होतं. तो दिवसही लागत होता.

चौऱ्याऐंशीचा माघ. कल्याणचे नाखवा मुलगी बघायला आले होते. जातीचेच, पण तीन पिढ्या कचेरीतले. त्यांच्या घरात मासे फक्त बशीतून यायचे. ओट्यावर सतरंजी टाकलेली. सासरे होऊ घातलेले गृहस्थ पांढऱ्या रुमालाने नाकाखालचा घाम पुसत होते, आणि मंजुळेला वाटत होतं, घाम नाही, वास पुसतायत. त्या दिवशी वारा नेमका खळ्यावरून घराकडे. तेवढ्यात शिवराम नावाचा पाहणीचा कारकून वही घेऊन आला. घाटावरचा तरुण पोरगा, नवीन नोकरी. त्याने समोर बोट करून विचारलं, "मावशी, ही जागा कसली?"

आवडाबाई, मंजुळेची आई, टोपली सावरत म्हणाली, "यो आमचा खला."

"काय?"

"खला रं. खला."

कारकुनाने वर बघितलं. पोरगी शिकलेली दिसत होती, म्हणून तिला विचारलं, "खुला? म्हणजे खुली जागा ना, ताई?"

ओट्यावर रुमाल थांबला होता. हरिहर चहाचा कप धरून बघत होता. तिला एवढंच सांगायचं होतं की नाही, खळा, मासळी सुकवतात तिथे. ळ तयार होता जिभेवर. पण त्या शब्दामागून तो सगळा गुलाबी, खारट, माश्या घोंगावणारा पसारा ओट्यावर चढून सतरंजीवर बसला असता.

"हो," ती म्हणाली. "खुली जागा आहे."

आणि सही केली. एका उकाराचं काम. तेवढ्यात आईचं चाळीस वर्षांचं अंगण नाहीसं झालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. लग्न ठरलं.

आता साठांपैकी एकवीस दिवस उरले होते. मंजुळाबाईंनी वर्गाला मोरूपाड्याला नेलं. खोपटवरून एसटीने बत्तीस पोरं गेली. कंडक्टरने तिकिटं फाडायला सुरुवात केली ती कोलशेत आलं तरी संपली नाहीत, म्हणून गाडी पुढच्या स्टॉपवरून मागे आणावी लागली. पोरांनी दोरी टाकून खळा मोजला. लांबी त्रेसष्ट पावलं, रुंदी चाळीस. मालनने कुणाची कुठली बाजू ते लिहून घेतलं. सव्वीस घरं, सव्वीस पट्टे, मध्ये कुंपण नाही, खूण नाही, तरी कुणाचा जवळा कुणात मिसळत नाही.

"आजी, कळतं कसं तुम्हाला?" मालनने विचारलं.

आवडाबाई उकिडवी बसून जवळा हाताने उलटत होती. "तुज्या आयशीच्या हातची भाकर तुना कलते ना? तसा."

"इथे ट्रक उभे राहणारेत, आजी. माझे पप्पा ट्रक चालवतात."

"मंग तुज्या बापाला सांग, गारी हितं लावाची तं चाकांना जवला चिकटंल. मांजरा गारी वढून नेतील नाशकापरत."

मालन फिसकन हसली. मग खळ्याच्या कडेला उभी राहून तिने दोनदा घोडबंदर रस्त्याकडे आणि दोनदा पाण्याकडे बघितलं. "बाई, पण ट्रकला खाडी कशाला लागते? ट्रकला रस्ता लागतो. ती वरची बंद पडलेली दगडखाण आहे ना, येताना दिसली ती. तिथे का नाही?"

मंजुळाबाईंनी तिच्याकडे बघितलं. या शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवत होत्या. इतका नीट प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "लिही," त्या म्हणाल्या. "खाण रस्त्यापासून किती पावलं ते जाऊन मोज. मग लिही."

पोरं खाणीकडे पळाली. खळ्यावर दोघीच राहिल्या. मंजुळा आईच्या शेजारी बसली. साडीला शेण लागेल म्हणून आधी रुमाल पसरला, मग तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तशीच बसली.

"नकाशात खुला कुनी लिवला गं?" आईने विचारलं. "तुमी शिकलेली मानसा, तुमाना दिसत असंल."

"कारकुनाने."

"त्याच्या बोटांना कीड लागो," आवडाबाई अगदी सहज म्हणाली, हात जवळ्यातून न काढता. "माज्या सासूनं यो खला सारवला, तिच्या सासूनं सारवला. पावसाचं चार म्हैने सोरले तं एक दिस उघरा नाय ठेवला. खुला म्हने."

मंजुळेने तोंड उघडलं. वारा पाण्यावरून आला, तो वास आला, आणि तिला वाटलं की सगळं सोडून इथेच आडवं व्हावं, गाल जमिनीला लावून. सात वर्षं ती बरणीतून चोरून घेत होती तो हा वास, आणि आता तो फुकट, अंगावर, केसांत. बोलली तर हाही जाईल. तिने तोंड मिटलं.

"तू काय बोलतेस?"

"काही नाही. ऊन लागलं."

सुनावणी मार्चमध्ये झाली. लांब टेबल, तीन साहेब, त्यांतले दोन झोपलेले आणि तिसरा त्यांच्या वाटणीचाही जागा. लोक दाटीवाटीने बसले होते. एका गृहस्थाने आपल्या घरातून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध हरकत घेतली होती, ती वाचून दाखवायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात रस्ता बांधून झाला असता.

मग मालनचा नंबर आला. तिने मोठ्या कागदावर पोरांनी काढलेला नकाशा टेबलावर पसरला. खळा, सव्वीस पट्टे, होड्यांची वाट, दगडखाण, खाणीपासून रस्ता नव्वद पावलं. शेवटी म्हणाली, "माझे वडील ट्रकवर आहेत. टर्मिनस पाहिजेच, साहेब. पण चुकीच्या जागी नको. लोकांची जागा काढून घेतली तर ते रोज पप्पांनाच शिव्या देतील, तुम्हाला नाही."

झोपलेला एक साहेब जागा झाला. मधल्या साहेबांनी नकाशा सगळ्या बाजूंनी बघितला. "काम छान आहे. कुठल्या शाळेची तू?" मग वही उघडली. "पण बाळा, अडचण अशी. पाहणीत ही जागा खुली आहे. खळा हा शब्दच नाही कुठे. आणि माहिती देणारं माणूस त्याच पाड्यातलं आहे, शिक्षिका आहे, सही आहे. ती बाई स्वतःच्या गावाबद्दल चुकीचं कशाला सांगेल?"

मालन वळली आणि तिने बाईंकडे बघितलं, उत्तरासाठी. बाईंना नेहमीच उत्तर माहीत असायचं.

मंजुळाबाई उभ्या राहिल्या.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. असं म्हणतात की त्या मशीनवर त्यानंतर सात दिवस 'स' उमटला नाही.

"मंजुळा तांडेल म्हणजे मीच. आई खला म्हणाली होती. तुमच्या माणसाला खुला ऐकू आलं. त्याने मला विचारलं. विचारलं होतं, साहेब, त्याची चूक नाही. मला माहीत होतं आई काय म्हणाली ते. ओट्यावर सासरचे बसले होते. मला मासळीची लाज वाटली. मी हो म्हटलं."

मागे कुठेतरी खुर्ची सरकली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं कधी झालेलं नाही. लोक येतात ते दुसऱ्याची चूक घेऊन." मग थोडा विचार करून, "दुरुस्ती होऊ शकते. पण ज्याने माहिती दिली त्यानेच लिहून द्यायचं, आणि सही वहीशी जुळली पाहिजे. नाखवा नाही चालणार. तांडेल."

सखारामने कोरा कागद आणून दिला. मंजुळा लिहायला बसली. 'मंजुळा दाजी' इथवर ठीक होतं. पुढे पेन अडलं. सात वर्षांत तिने ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं. रेशनकार्डावर, पगारपत्रकावर, बँकेत, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे नाखवा. पहिली सही झाली ती शाळेतल्या बाईंची झाली, नेटकी, गोल. सखाराम वहीशी लावून म्हणाला, "नाही जुळत." दुसरी काढली, तीही जुळली नाही. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटले. चिखलात उभी राहून कमळ-बाभळ ओरडणारी सतरा वर्षांची मुलगी कुठे गेली ते आत शोधून बघितलं. ती फार आत होती. तिच्या हाताने सही केली. ड चं शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

"हां," सखाराम म्हणाला. मग वरचा मजकूर वाचून हळूच, "बाई, खळा लिहायचंय ना? तुम्ही ल काढलाय. ळ पाहिजे."

"नको. विचारलं तेव्हा आईने जे सांगितलं होतं तेच लिहिलंय."

दोन-तीन वर्षांनी आराखडा पक्का झाला तेव्हा खाडीच्या त्या कोपरात जांभळा पट्टा नव्हता. तिथे लिहिलेलं होतं, 'खला, मासळी सुकवण्याची जागा.' ते वाचून किती शुद्धलेखनवाल्यांनी ऑफिसला पत्रं पाठवली त्याची गणती नाही. टर्मिनस दगडखाणीत गेलं, आणि ते बांधून होईस्तोवर धोंडीबाचा ट्रकच म्हातारा होऊन भंगारात गेला. पण हे पुढचं. त्या दुपारी साहेब एवढंच म्हणाले की जागा बघायला माणूस पाठवू, निर्णय कळवू. आणि सगळे जिन्याने खाली आले.

मालन दोन पायऱ्या मागे होती. "बाई," ती म्हणाली, "शुद्धलेखनाला तुम्ही अर्धा मार्क कापता."

"हो."

"मग तुमचे किती कापायचे?"

"तू सांग."

मालनने विचार केला. "मी नाही सांगू शकत. आजी सांगतील. मी विचारून येऊ?"

"नको," बाई म्हणाल्या. "मीच जाते. आजच."

खोपटवरून एसटी पकडून ती मोरूपाड्याला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. आवडाबाई खळ्यावर एकटीच, कमरेला पदर खोचून, जवळा गोळा करायच्या तयारीत. मंजुळेने चपला कडेला काढल्या. बसली नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रुमाल, कारकून, हो, सही. सांगताना भाषा मध्येच घसरली, ळ कुठेतरी पडला, तिला कळलंही नाही.

आवडाबाईने सगळं ऐकलं. तोंडातली मिसरी थुंकली. खाडीकडे बघत बसली. पलीकडे एक होडी ओहोटीबरोबर निघाली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

"मंग सोयरीक तं झाली ना तुजी," ती शेवटी म्हणाली.

"झाली."

"मानूस बरा हाय?"

"बरा आहे."

"तो कं बोल्ला व्हता, मना वास येतंय म्हनून?"

मंजुळेने आठवून बघितलं. हरिहरने त्या दिवशी दुसरा कप चहा मागितला होता. जाताना विचारलं होतं, तो गुलाबी गालिचा कसला पसरलाय म्हणून. ते ती सात वर्षं विसरली होती. "नाही," ती म्हणाली. "तो काहीच बोलला नव्हता."

"मंग लाजलीस कुनाला?"

आवडाबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं आणि मुलीकडे न बघता घराकडे वळली. "पाचची गारी जाल तुजी. निंग आता. डोंबिवली लांब हाय."

मंजुळेला वाटत होतं, थांब म्हणेल. एकदा तरी म्हणेल, रहा आज. लग्नानंतर प्रत्येक वेळी गाडीची वेळ आईच आधी सांगायची आणि प्रत्येक वेळी मंजुळा घाईघाईने पर्स उचलायची. आईच्या पाठीमागे दार लोटलं गेलं. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

तिने पर्स उचलली नाही. गाडी थांबल्याचं, मग निघाल्याचं ऐकलं. उन्हाचा पट्टा खळ्याच्या कडेवरून सरकत होता, थोड्या वेळात ओल पडली असती. तिने आईची टोपली ओढली, गुडघ्यांवर बसली आणि समोर हात लागेल तिथून जवळा ओंजळीने भरू लागली. काटे बोटांना टोचले. अर्धा जवळा खाली सांडत होता, शेजाऱ्यांच्या पट्ट्यात मिसळत होता, तिला कळत नव्हतं आपला कुठे संपतो.

दार पुन्हा करकरलं. मग आवडाबाई ओट्यावरूनच म्हणाली, "कोपऱ्यापासून घे. मधून कोन करतं? हात नाय, झाडू घे हितला."